मुलांनी काय वाचावं, काय बघावं आणि त्यावर घरात बोलायचं कसं : गोव्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी एक कामचलाऊ गाईड

दर वर्षी जूनमध्ये दोतोर्नचे, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाचे, वर्ग सुरू झाले की कोणी ना कोणी आई मला बाजूला घेऊन विचारतेच, टीचर, हॅरी पॉटर वाचू दिला तर चालतो का, ती कोरियन सिरीज चालते का, त्या गेममध्ये राक्षस आहेत ते चालतात का. सगळ्यांना एक यादी हवी असते, एका बाजूला चालणारं आणि दुसऱ्या बाजूला न चालणारं, फ्रीजवर चिकटवली की काम झालं. अशी यादी मी देत नाही. का देत नाही आणि तिच्या जागी काय करायचं ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंकच पाठवता येईल.

माझ्याबद्दल इतकंच की माहेर वसईचं म्हणून वाचन मराठी, सासर बार्देशातलं म्हणून भांडण कोकणीत. मी थिऑलॉजी शिकलेली नाही, मुलांना दोतोर्न शिकवते आणि त्यांच्याबरोबर पुस्तकं वाचते. खाली जे आहे ते त्यातूनच आलंय.

यादी का नको

यादी करून बघितलेली आहे हो चर्चने. १५५९ साली पोप चौथे पॉल यांच्या काळात निषिद्ध पुस्तकांची सूची निघाली आणि ती पार १९६६ पर्यंत चालली, म्हणजे चारशे वर्षांच्या वर. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ त्या सूचीत १८६४ ला गेली आणि १९५९ ला बाहेर आली. आता त्या कादंबरीत काय आहे, तर तुरुंगातून सुटलेला माणूस बिशपच्याच घरातली चांदी चोरतो, पोलीस त्याला पकडून आणतात आणि बिशप म्हणतो अहो ही तर मीच दिली होती, आणि वर ह्या मेणबत्तीच्या समया विसरलास की, ह्या पण घेऊन जा. क्षमा म्हणजे काय हे ह्याच्याहून सोपं करून मला वर्गात सांगता आलेलं नाही. ते पुस्तक ९५ वर्षं सूचीत!

आणि आपल्या गोव्यात तर हा विषय जास्तच नाजूक. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला आलं ते १८१२ पर्यंत होतं, सोळाव्या शतकात इथल्या लोकांची जुनी पुराणं, पोथ्या काढून घेतल्या, नष्ट केल्या. पण त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ ला उतरला, आयुष्यभर इथेच राहिला, जास्त करून दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, आणि त्याने बायबलची गोष्ट मराठी ओव्यांमध्ये रचली, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ख्रिस्तपुराण १६१६ ला रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत. त्याच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे, दोतोर्न चालू असताना एक बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत तर मग त्यांच्या जागी दुसरं काही द्याल की नाही. मला हा प्रश्न आजच्या प्रत्येक ख्रिस्ती आईबापाला विचारावासा वाटतो. मोबाईल काढून घेतलात, सिरीज बंद केलीत, छान केलंत, आता जागेवर काय देणार? नुसतं काढून घेतलं की पोर शेजारच्या घरी जाऊन बघतं, एवढंच होतं.

पहिलं काम : स्वतः वाचा, नाहीतर निदान बरोबर बसा

हे टाळता येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘ह्या कार्टूनमध्ये सैतानाची खूण आहे’ टाइप व्हिडिओवरून मत बनवू नका, त्यातल्या बऱ्याच जणांनी ते कार्टून बघितलेलंच नसतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं एक वाचा, सिरीज असेल तर पहिला एपिसोड मुलाच्या शेजारी बसून बघा, तोंड न घालता. मध्येमध्ये पॉज करून प्रवचन दिलं की पुढचा एपिसोड तो हेडफोन लावून बघणार हे नक्की.

सर्टिफिकेट जरूर बघा, यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असं आता सिनेमालाही असतं आणि ओटीटीवर पण. १३+ आणि त्याच्या वरचं ओटीटीवर लॉक करायची सोय कंपन्यांना द्यावीच लागते, २०२१ च्या नियमांपासून, तर तो पिन लावून ठेवा आणि पिन म्हणून स्वतःची जन्मतारीख ठेवू नका, मुलांना ती पाठ असते. पण सर्टिफिकेट तुम्हाला फक्त मारामारी किती, शिव्या किती, कपडे किती हे सांगतं. कथा कुणाच्या बाजूने उभी आहे ते सांगत नाही. यू सर्टिफिकेटवाल्या कितीतरी सिनेमांत गरीब नोकराला, जाड्या मुलाला, काळ्या मुलीला हसणं हाच विनोद असतो आणि आपण सगळे फॅमिलीसकट पॉपकॉर्न खात हसतो. आणि उलट बघायचं तर बायबलचीच सिरीज केली तर शास्तेच्या पुस्तकाला ए सर्टिफिकेट मिळेल, एकोणिसावा अध्याय तर मी मोठ्यांच्या ग्रुपमध्येसुद्धा जपून काढते.

पोप फ्रान्सिस यांचं जुलै २०२४ चं एक पत्र आहे, साहित्य वाचण्याबद्दल. मुळात सेमिनरीत पाद्री व्हायला शिकणाऱ्या मुलांसाठी लिहायला घेतलेलं पण मग सगळ्यांसाठीच केलं. त्यात ते स्वतःची आठवण सांगतात की १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनात सांता फे इथल्या जेझुइट शाळेत ते साहित्य शिकवायचे, सिलॅबसला जुनं वीरकाव्य ‘एल सिद’ होतं आणि पोरांना वाचायचा होता आधुनिक कवी गार्सिया लोर्का. मग त्यांनी ठरवलं, एल सिद घरी वाचा, वर्गात तुम्हाला आवडतात त्या लेखकांवर बोलू. ही युक्ती मी सरळ उचललीय. आपल्याला जे वाचून घ्यायचंय ते थोडं थोडं घरी द्या, आणि एकत्र बसायच्या वेळी मुलांच्या आवडीचं घ्या. मुलांच्या आवडीचं म्हणजे तुम्हाला कंटाळा येणारं, त्याची मनाची तयारी ठेवा.

आता मुख्य : गोष्ट संपल्यावर काय विचारायचं

बहुतेक लोक गोष्टीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. हिच्यात देव आहे का, चेटूक आहे का, किस आहे का, टिक टिक टिक. बायबलमध्ये गोष्ट असं काम करतच नाही. २ शमुवेल १२ काढा. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला उचललं, उरीयाला लढाईत मरायला पाठवलं, आणि नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो तो शिव्या द्यायला नाही, तो गोष्ट सांगतो. एक श्रीमंत माणूस, ढीगभर मेंढरं. एक गरीब, त्याची एकच छोटी मेंढी, त्याच्याच ताटातलं खायची, कुशीत झोपायची. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने गरिबाची मेंढी कापली. दावीद भडकतो, असल्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणतो. आणि मग नाथान म्हणतो तो माणूस तूच.

ही गोष्ट मी एकदा पावसाळ्यात लाइट गेलेली असताना बाल्कांवात, म्हणजे घराच्या ओट्यावर, सांगितली, मोबाईलची चार्जिंग संपलेली म्हणून सगळे नाइलाजाने ऐकत होते. आमच्या वाड्यावरच्या एका मोठ्या मुलाने त्याच आठवड्यात एका लहानग्याकडून त्याची एकुलती एक फुटबॉल जर्सी अदलाबदलीच्या नावाखाली उकळली होती, आणि बदल्यात दिलेली काय तर बाही फाटलेली. हे मला माहीत पण नव्हतं. मेंढीपर्यंत तो मस्त ऐकत होता, श्रीमंताला दोन शिव्या पण घातल्या त्याने, आणि नाथानचं वाक्य आल्यावर एकदम गप्प, मग हळूच, ‘‘टीचर, ही म्हजी काणी न्हय मू?’’ (ही माझी गोष्ट तर नाही ना?) मी म्हटलं दाविदाची आहे, का रे? बाकीची पोरं खिदळायला लागली कारण त्यांना माहीत होतं. जर्सी परत गेली की नाही मी विचारलं नाही, ते माझं काम नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे : ख्रिस्ती माणसाने गोष्टीत दोष शोधायच्या आधी गोष्टीला आपला दोष शोधू द्यावा. बाकी जे मी सांगतेय ती त्याची फक्त तयारी.

प्रश्न साधे ठेवा. ह्या गोष्टीत तुला सगळ्यात जास्त कुणाची दया आली? लेखकाला कुणाची यावी असं वाटत होतं, तीच का? कोणाला नुसतं हसण्यासाठी ठेवलंय, कोणाला नावच दिलेलं नाहीये? वाईट माणूस वाईट का झाला, ते सांगितलंय की तो नुसता जन्मतःच वाईट? शेवटी कुणाला माफी मिळाली, कुणाला नाही मिळाली आणि तुला काय वाटतं मिळायला हवी होती का? आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, तू ह्यातला कोण आहेस. हा शेवटचा प्रश्न रोज विचारू नका, पोरं वैतागतात, आणि उत्तर द्यायलाच हवं असं पण नाही, प्रश्न कानावर पडला तरी पुरे. येशूच्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत, लूक १५, मोठा भाऊ घरात जातो की अंगणातच उभा राहतो ते सांगितलेलंच नाहीये. ती मुद्दाम तिथे सोडलीय. आपण मात्र प्रत्येक गोष्टीच्या खाली ‘तात्पर्य’ लिहायला लावतो शाळेत.

मुलाने तुमच्या मनातलं उत्तर दिलं नाही तर दुरुस्त करू नका लगेच. एका मुलीला चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत सगळ्यात जास्त दया आली ती सराईवाल्याची, का तर म्हणे दोन दीनार देऊन तो गेला आणि पुढचा सगळा खर्च, जखमा धुणं, सगळं ह्याच्या गळ्यात, आणि तो परत येईल ह्याची काय गॅरंटी. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकतेय मी, सराईवाला कधी डोक्यातच आला नव्हता. तिच्या घरी होमस्टे आहे, कांदोळीला.

जादू, चेटूक, भुतं

इथे सगळ्यात जास्त फोन येतात. आधी एक गंमत सांगते. १९९५ मध्ये सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून व्हॅटिकनने ४५ चांगल्या सिनेमांची यादी काढली, धर्म, मूल्यं आणि कला असे तीन भाग, प्रत्येकी पंधरा. मूल्यांच्या भागात ‘गांधी’ आहे. कलेच्या भागात ‘विझर्ड ऑफ ऑझ’ आहे, हिरव्या तोंडाच्या चेटकिणीसकट, आणि ‘नोस्फेराटू’ पण आहे, म्हणजे मूकपटांच्या काळातला रक्तपिपासू भुताचा सिनेमा. तेव्हा झाडूवर बसलेली बाई दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. (हो, ही पण यादीच, पण बंदीची नाही, बघा म्हणून दिलेली.)

खरा फरक कुठे आहे ते बघा. गोष्टीतली जादू ही गोष्टीतल्या जगाचा नियम आहे की मुलाला आपल्या जगात करून बघायला शिकवणारी आहे? परीकथेतला बोलणारा घोडा वेगळा आणि मोबाईलवर टॅरो उघडून ‘तुझा बॉयफ्रेंड परत येईल’ सांगणारं रील वेगळं. पहिल्याला मी कधी अडवत नाही. दुसऱ्यावर मी सरळ बोलते, कारण तिथे गोष्ट नाहीये, तिथे धंदा आहे आणि एका रडणाऱ्या मुलीचे पैसे आहेत.

हॅरी पॉटरबद्दल अमेरिकेत २००१ च्या सुमाराला चर्चच्या लोकांनी पुस्तकं जाळली पण. आता तुम्ही असं करा, मूल सातव्या पुस्तकापर्यंत पोचलं असेल तर नाताळच्या रात्रीचं स्मशानाचं प्रकरण काढा (न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या). हॅरी आपल्या आईवडिलांच्या थडग्यासमोर पहिल्यांदाच उभा राहतो आणि दगडावर एक ओळ कोरलेली आहे, शेवटचा शत्रू जो नष्ट केला जाईल तो मृत्यू. कुठून घेतलीय ते पुस्तकात सांगितलेलं नाही. मुलाला बायबल द्या आणि म्हणा शोध. फोनवर नाही, पानं उलटून. १ करिंथ १५:२६ ला सापडते. मग विचारा की हॅरीला ती ओळ वाचल्यावर काय वाटलं, तर त्याला आधी वाटतं हा तर व्हिलनच्या लोकांचा विचार, मरणाला हरवायचं म्हणजे. आणि त्याची मैत्रीण हर्मायनी त्याला समजावते की हे मरण टाळण्याबद्दल नाहीये, मरणाच्या पलीकडे जगण्याबद्दल आहे. सगळी सात पुस्तकं ह्याच फरकावर उभी आहेत, एक जण मरायला नको म्हणून दुसऱ्यांना मारत सुटतो आणि एक मुलगा दुसऱ्यांसाठी मरायला तयार होतो. ह्याच्यावर ईस्टरच्या आसपास मस्त तासभर जातो. लेखिकेचं बाकी काय मत काय वागणं ह्यावर भांडायचं तर भांडा, पण पुस्तक वाचून भांडा.

मोठ्या मुलांना टोल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ द्या. पक्का कॅथलिक माणूस, पण त्याच्या त्या अंगठीच्या जाडजूड कथेत चर्च नाही, पाद्री नाही, येशूचं नाव नाही. मुलांना सांगा की अंगठी नष्ट झाल्याची तारीख पुस्तकाच्या शेवटी जी परिशिष्टं आहेत त्यांत आहे, ती बघ आणि घरातल्या चर्चच्या कॅलेंडरवर त्या दिवशी काय आहे ते बघ. २५ मार्च, गाब्रिएल दूत मारियेकडे आला तो सण. आणि त्याहून महत्त्वाचं, हिरो शेवटच्या क्षणाला हरतो, अंगठी टाकायची तर बोटात घालतो, आणि जग वाचतं ते आधी एका किळसवाण्या जिवाला मारून न टाकता दया दाखवून सोडलेलं असतं म्हणून.

शेजाऱ्यांच्या गोष्टी

गणेश चवथीला आपली पोरं शेजारी गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघायला जातात, करंज्या खाऊन येतात आणि येताना गणपतीचं डोकं कसं बदललं ती गोष्ट घेऊन येतात. मग प्रश्न, पुराणकथा वाचू द्यायच्या का. माझं उत्तर, हो, आणि नीट चांगल्या मराठीतल्या द्या. ज्या मुलाला सीता, कर्ण, एकलव्य माहीत नाही त्याला निम्मी मराठी कविता कळणार नाही आणि शेजारी कशावर हसतात कशावर रडतात तेही कळणार नाही. स्टीफन्सने इथल्या ओव्या कान देऊन ऐकल्या नसत्या तर त्याला लिहिता आलं असतं का? पौलाचं बघा, प्रेषितांची कृत्ये १७, अथेन्समध्ये अरेयपगावर उभा राहून तो ग्रीक लोकांना त्यांच्याच कवीची ओळ ऐकवतो. ती त्याला पाठ होती म्हणजे त्याने वाचली होती.

चौथ्या शतकात संत बॅसिल यांनी तरुण मुलांसाठी ह्याच विषयावर लिहिलंय, ग्रीक लोकांची पुस्तकं वाचावीत का, आणि म्हणतात मधमाशीसारखं वाचा, ती सगळ्या फुलांवर जात नाही आणि जिथे जाते तिथलंही सगळं उचलत नाही. मला ह्यात एकच भर घालायचीय, शेजाऱ्याच्या घरात त्याची गोष्ट ऐकताना ‘आमचं खरं, तुमचं खोटं’ चालू करायचं नाही. घरी येऊन मुलाने विचारलं आपण असं मानतो का, तर सरळ सांगा आपण काय मानतो. लपवायचं काही नाही, पण दुसऱ्याच्या ओट्यावर नाही.

आपल्याकडे म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारिया माता, आणि शिरगावची लईराई देवी ह्या सात बहिणींपैकी दोघी, अशी गोष्ट आहे, फेस्ताला दोन्ही धर्माचे लोक तेल घेऊन येतात. ती गोष्ट दोतोर्नच्या पुस्तकात नाही आणि घालायची गरज पण नाही, पण मुलांना ती माहीत हवी. त्यांच्या आज्यांना माहीत होतीच.

आणि मराठी वाचणाऱ्या मोठ्या मुलांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्याच. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, मधली पाच वर्षं त्या बाईच्या डोक्यात काय काय चाललं असेल ते ती स्वतः इतकं हसत हसत सांगते की आपल्यालाच रडू येतं. धर्म बदलणं म्हणजे घरातल्या पाण्याच्या कळशीचं काय होतं हे त्यात कळतं, प्रवचनात कळत नाही.

आपण पडद्यावर कसे दिसतो

हिंदी सिनेमातला गोव्याचा ख्रिस्ती माणूस म्हणजे हातात बाटली, गळ्यात क्रॉस, मोडकं हिंदी, मुलगी असेल तर फ्रॉक घालून बीचवर आणि पाद्री असेल तर हिरोला दोन डायलॉग मारून गायब. हे मुलांना दाखवून विचारा, आपल्या वाड्यावर असा कोण आहे? मग एक दोन नावं निघतात, आपण हसतो, मग विचारा बाकीचे कुठे गेले, नर्स, बोटीवर जाणारा, पंचायतीत भांडणारी, पाव भाजणारा पदेर? इतपर्यंत सगळ्यांना मजा येते. पुढचा प्रश्न मात्र विचाराच, की आपण तियात्रात, म्हणजे आपल्या कोकणी नाटकात, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरच्या नोकराला, घाटी माणसाला, परराज्यातल्या कामगाराला कसं दाखवतो? तिथे हॉल शांत होतो बरं का. नाथान दोन्ही बाजूंनी चालतो.

तियात्राला मुलांना न्या. १८९२ पासून चालू आहे हे, पहिला खेळ मुंबईत झाला, गोव्याच्या माणसांनी केलेला. पडद्यांच्या मधली कांतारां, म्हणजे गाणी, असतात त्यांचा मूळ कथेशी काही संबंध नसतो, त्यात मंत्री, पंचायत, जमिनी विकणारे, सगळ्यांना धुतात, आणि मुलांना व्यंग म्हणजे काय ते तिथे कळतं. घराच्या वाटणीवरून भाऊ भाऊ भांडतात आणि शेवटी रडून मिठी मारतात असलं कथानक आलं की आख्खा हॉल नाक पुसतो. संत ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’मध्ये स्वतःवरच चिडून लिहितात की रोमन काव्यातल्या दिदो राणीच्या मरणावर मी लहानपणी रडलो आणि माझ्या स्वतःच्या हालतीवर डोळ्यातून टिपूस नाही. रवींद्र भवनातून बाहेर पडताना स्कूटर काढता काढता मला दरवेळी हे आठवतं, कारण पुढे-मागे उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांची आपल्या भावाबरोबर कोर्टात केस चालू असते. मुलांना घरी जाताना ह्याच्यावर बोलू द्या, त्यांना सगळं माहीत असतं कोणाचं कोणाशी काय चालू आहे ते.

‘आपलं’ म्हणून काहीही नको

हे जरा कडू आहे. ख्रिस्ती सिनेमा, ख्रिस्ती कादंबरी, ख्रिस्ती कार्टून असं लेबल लागलं की आपण डोळे झाकून लावतो. त्यात कितीतरी वाईट बनवलेलं असतं, माणसं पुठ्ठ्याची, नास्तिक माणूस मूर्ख, शेवटी सगळे गुडघ्यावर. मुलांना ते खोटं आहे हे लगेच कळतं आणि मग ते समजतात की विश्वास म्हणजेच असलं खोटं. त्यापेक्षा धर्माचं नावही नसलेला एखादा प्रामाणिक सिनेमा परवडला.

तसंच ते चमत्काराचे फॉरवर्ड. मूर्तीच्या डोळ्यातून पाणी, ढगात येशू, हल्ली तर एआयने बनवलेले व्हिडिओ, दहा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आहे, कॅथलिक मोजणीत आठवी आणि बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी, दोन्ही मोजणीत ती फॉरवर्डला लागू होते. मुलांसमोर आंटीचं फॉरवर्ड डिलीट करा आणि का करतेय ते सांगा. आंटी रागावतील, रागावू दे.

नाही कधी म्हणायचं

म्हणायचं. मी सगळं चालतं म्हणणाऱ्यांतली नाही. वयाच्या आधीचं असेल तर नाही. दुसऱ्याच्या वेदनेवर मजा घ्यायला शिकवत असेल, म्हणजे मार खाणाऱ्याचं तोंड क्लोजअपमध्ये आणि पाठीमागे डीजेचं म्युझिक, तर नाही. बाईला वस्तूसारखं वापरणारं असेल तर नाही, गाणं कितीही फेमस असो. मुलाची झोप उडाली, चिडचिड वाढली, शाळेतल्या मित्रांशी बोलणं बंद झालं तर ती सिरीज कितीही भारी असली तरी थोडे दिवस बंद. आणि नाही म्हणताना कारण द्या, ‘फादर ओरडतील’ हे कारण नाही. १ थेस्सलनीका ५:२१ मध्ये सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा म्हटलंय, म्हणजे पारख आधी आलीच. आणि नाही म्हटलेलं सहा महिन्यांनी, वर्षाने परत विचारात घ्या, मूल वाढतं.

बैठक चालवायची तर

घरात एकदा जमलं की वाड्यावर करता येतं. महिन्यातून एकदा, रविवारी मिस्सानंतर नको, सगळ्यांना घरी जाऊन शित-कोडी खायची घाई असते, संध्याकाळी ठेवा. सात आठ मुलं पुरे, पंधरा झाली की मोठी बोलतात आणि लहान जांभया देतात. वेगवेगळ्या वयाची चालतात पण सहावीच्या खालच्यांसाठी वेगळं काहीतरी. फादरना आधी सांगून ठेवा, परवानगी मागायला नाही, माहिती म्हणून, म्हणजे कोणी तक्रार घेऊन गेलं तर ते गोंधळणार नाहीत. हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांची मुलं आली तर उत्तम, पण त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगा की बायबलमधल्या गोष्टी पण निघतील, आणि तुमच्या पण निघू देत.

पुस्तकं विकत घेत बसू नका. पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची संस्था, मराठी, कोकणी, इंग्रजी सगळं मिळतं, मेंबरशिप करून घ्या. गावातल्या लायब्ररीत पण विचारा, कपाटं उघडायला कोणी येत नाही म्हणून ते बिचारे खूश होतात. एका पुस्तकाच्या चार कॉप्या मिळत नाहीत, तर मोठ्याने वाचा, आळीपाळीने, अडखळत वाचणाऱ्याला कोणी हसलं तर त्या हसणाऱ्याला पुढचं पान.

सुरुवातीला छोटं घ्या. योनाचं पुस्तक चारच अध्याय आहे, मासा लवकर संपतो आणि खरी मजा चौथ्या अध्यायात आहे जिथे देवाने शत्रूंना माफ केलं म्हणून संदेष्टाच फुगून बसतो. रूथ पण चारच. मग एकदम उडी मारून मुलांनी सुचवलेलं काहीतरी, मग ती सिरीज असेना. मोबाईल दारातल्या स्टुलावर, मोठ्यांचे पण. खायला काहीतरी ठेवाच, चणे-फुटाणे, खाजें, काहीही, पण चर्चा संपल्यावर, आधी ठेवलं तर योना निनवेला पोचायच्या आत बशी रिकामी होते.